दोन पापण्या, सात तास

मण्यार चावल्यापासून श्वास बंद पडेपर्यंत किती वेळ मिळतो, याला एक उत्तर नाही. कुणाला तीन-चार तास मिळतात, कुणाला दहा-बारा. खाली धरलेले सात तास हा त्यातला मधला हिशेब. जुलैची रात्र, गोव्यातल्या साखळीच्या आसपासचे एखादे घर, महाविद्यालयात जाणारा एकोणीस वर्षांचा मुलगा. हा मुलगा कोणी एक नव्हे आणि यातला दवाखानाही कुठला एक नव्हे. निदानाच्या चुका मात्र डॉक्टरांनी लिहून ठेवलेल्या नोंदींतल्या आहेत. पोटदुखीची गोळी देऊन घरी पाठवलेले, पक्षाघात म्हणून स्कॅनला नेलेले, हिस्टेरिया म्हणून समजूत घातलेले, मेंदू गेला असे सांगून आशा सोडलेले मण्यारदंशाचे रुग्ण भारत, श्रीलंका आणि नेपाळमध्ये वर्षानुवर्षे नोंदले जात आहेत. त्या नोंदी इथे एका रात्रीत ओळीने मांडल्या आहेत.

सोबत दुसरे एक घड्याळ ठेवले आहे आणि ते खऱ्या माणसाचे आहे. जोसेफ स्लोविन्स्की, कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसचा सर्पतज्ज्ञ, वय 38. उत्तर म्यानमारमधल्या राट बॉ या खेड्यात 11 सप्टेंबर 2001 रोजी सकाळी सातच्या सुमारास त्याने सापाच्या पिशवीत हात घातला. आत बिनविषारी साप आहे असा समज होता. बोटाला धरून बाहेर आले ते बहुपट्टी मण्यारीचे पिल्लू. बोटावर दंशाची खूणही नीट दिसत नव्हती. पण आपल्याला काय चावले आहे, हे त्याला त्या क्षणापासून ठाऊक होते.

रात्री 2.10 – सात तास बाकी

घर चिऱ्याचे, वर मंगळुरी कौले. मागे कुळागर, परसात सरपणाचा ढीग, पडवीत भाताची पोती. पोती आहेत म्हणून उंदीर आहेत आणि उंदीर आहेत म्हणून मण्यार येते. ती दुसरे सापही खाते आणि फिरते ती रात्रीच. उकाडा होतो म्हणून मुलगा खाट सोडून पंख्याखाली जमिनीवर चटई टाकून झोपला आहे. झोपेत त्याचा हात बाजूला पडतो, तो सरकत जाणाऱ्या सापावर.

मण्यारीचे विषदंत आखूड असतात. चावा इतका हलका की बरेच जण जागे होत नाहीत. जागे झालेच तर डास किंवा मुंगी समजून कूस बदलतात. जागा सुजत नाही, काळी पडत नाही, रक्त येत नाही. सर्पदंश म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे जे येते ते घोणशीचे, फुरशाचे आणि नागाचे: आग, सूज, फोड. मण्यार त्यात बसत नाही आणि पुढच्या सगळ्या चुका इथून सुरू होतात. राजस्थानात ‘पीवणा’ नावाच्या सापाबद्दल सांगतात की तो झोपलेल्या माणसाच्या छातीवर बसून त्याचा श्वास पिऊन टाकतो. अंगावर खूण नाही आणि सकाळी श्वास बंद, हे लोकांनी अगदी नीट पाहिले होते. कारण तेवढे चुकीचे लावले.

पहाटे 3.40 – साडेपाच तास बाकी

पोटात कळ येऊन मुलगा उठतो. ओकारी होते. रात्री बाहेर काय खाल्ले याची चौकशी होते. आई ओव्याचे पाणी करून देते. घरातल्या सगळ्यांनी एकच जेवण जेवले आणि पोट दुखते ते जमिनीवर झोपलेल्या एकट्याचे, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

श्रीलंकेतल्या अनुराधपूरचा 210 मण्यारदंशांचा अभ्यास डॉ. कुलरत्ने यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केला. बहुतेकांना दंश झाला तो रात्री, घरात, जमिनीवर झोपलेले असताना. त्यांतल्या बहुतेकांचे पोट दुखत होते. पावसाळ्यातली पहाटेची पोटदुखी अपचनाचीच असते, ही आपली सवयीची समजूत मला म्हणून धोक्याची वाटते.

पहाटे 4.45

घसा दुखतो. पाण्याचा घोट घेताना ठसका लागतो. सांधे दुखतात. ‘पित्त झालंय, थोडा पड,’ असे ठरते.

पहाटे 5.25 – पावणेचार तास बाकी

उजाडू लागले आहे. ‘आई, म्हाका दोन दोन दिसतात,’ मुलगा म्हणतो.

आईला त्याचे डोळे झोपाळलेले वाटतात. रात्रभर जागा आहे, तसे वाटणारच. पण झोप आणि पापणी पडणे या दोन गोष्टी वेगळ्या दिसतात, आणि ते ओळखायला डॉक्टर असावे लागत नाही. झोप आलेल्या माणसाचे कपाळ सैल असते. या मुलाच्या कपाळावर आठ्या आहेत, कारण पापण्या वर राहाव्यात म्हणून तो भुवया ओढून धरतो आहे. हनुवटी उचलून, अर्ध्या मिटलेल्या पापण्यांखालून तो आईकडे पाहतो आहे. वर आढ्याकडे बघ म्हटले तर बुबुळे अर्ध्यावरच थांबतात. बाजूला बघायला सांगितले तर मान वळते, डोळे जागच्या जागी राहतात. आणि हे दोन्ही डोळ्यांत सारखेच आहे.

नस आणि स्नायू एकमेकांना चिकटलेले नसतात. मधल्या सूक्ष्म फटीतून ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन निरोप पोचवते. मण्यारीचे विष फटीच्या दोन्ही काठांवर घाव घालते. त्यातला एक घटक स्नायूवरच्या निरोप घेण्याच्या जागा अडवतो. दुसरा जास्त घातक. तो नसेच्या टोकात शिरतो, रसायनाचा साठा संपवतो आणि ते टोकच मोडून टाकतो. डोळ्यांचे आणि पापण्यांचे स्नायू जागेपणी क्षणभर विसावत नाहीत आणि त्यांच्या या जोडांमध्ये राखीव ताकद थोडी असते, म्हणून विषाचा पहिला पुरावा तिथे दिसतो. मग चेहरा, घसा, मान, छाती, हातपाय. वरून खाली, तासातासाने. विष मेंदूत शिरत नाही, त्यामुळे शुद्ध शाबूत राहते.

या विषाचा वैद्यकशास्त्रावर एक उपकारही आहे. 1963 मध्ये तैवानच्या चँग आणि ली यांनी बहुपट्टी मण्यारीच्या विषातून स्नायूवरच्या जागा अडवणारा घटक वेगळा काढला. दहा वर्षांनी फॅम्ब्रो आणि ड्रॅकमन यांनी त्याच घटकाच्या मदतीने दाखवून दिले की मायस्थेनिया ग्रेव्हिस या आजारात रुग्णाच्या स्नायूंवर निरोप घेण्याच्या जागाच कमी झालेल्या असतात. मायस्थेनियातही पापण्या पडतात, एकाचे दोन दिसतात. ज्या विषामुळे तो आजार उलगडला, त्या विषाचा रुग्ण आजही पुष्कळदा मायस्थेनियाचा समजला जातो.

म्हणजे 5.25 ला निदान मुलाच्या चेहऱ्यावर लिहिले गेले आहे. ते अजून कुणी वाचलेले नाही.

राट बॉ, सकाळी आठच्या पुढे

दंशानंतर तासाभराने स्लोविन्स्कीच्या हाताला मुंग्या आल्या. त्याने सहकाऱ्यांना गोळा केले आणि पुढे काय काय होणार ते क्रमाने सांगितले: पापण्या पडतील, बोलता येणार नाही, मग श्वास थांबेल, पण मी शुद्धीवर असेन, तोंडाने श्वास देत राहा, विष उतरेपर्यंत. मदतीसाठी माणसे पायी धावली. जवळपास रुग्णालय नव्हते, व्हेंटिलेटर नव्हता.

सकाळी 6.05

वडिलांना मुलाचे जड शब्द ऐकू येतात, अर्धे मिटलेले डोळे दिसतात. काल रात्री तो मित्रांबरोबर होता. ‘घेतली होतीस का रे?’ मुलगा नाही म्हणतो, पण ते ‘नाही’ही नाकातून येते. या संशयात अर्धा तास जातो.

सकाळी 6.40 – अडीच तास बाकी

जवळच्या दवाखान्यात डॉक्टर नाडी पाहतात, रक्तदाब घेतात, पोट दाबून बघतात. पापण्या त्यांच्या नजरेतून सुटत नाहीत. ‘सापबिप चावला नाही ना?’ ते विचारतात. प्रश्न अगदी बरोबर आहे. ‘ना डॉक्टर, तसं काय नाय,’ घरचे सांगतात. टॉर्च लावून पाय पाहिले जातात. खूण नाही. प्रश्न तिथेच मिटतो.

मला सगळ्या घटनाक्रमात सर्वांत जास्त टोचते ते हे. डॉक्टर हुशार आहेत, त्यांनी योग्य ते विचारले, आणि ज्याला काहीच माहीत असणे शक्य नाही अशा माणसाच्या उत्तरावर विसंबून ते थांबले. झोपेत असलेल्या माणसाने साप पाहिलेला नसतो. दंश दिसला नाही म्हणजे दंश झाला नाही, हे घोणशीच्या बाबतीत चालेल, मण्यारीच्या बाबतीत चालत नाही. केंद्र सरकारने सर्पदंशाच्या उपचारांबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत, त्यांत हे स्पष्ट आहे: मण्यारीची खूण बहुधा दिसतच नाही, आणि पहाटेची पोटदुखी व लुळेपणा यांना अपेंडिक्स, पक्षाघात, मायस्थेनिया किंवा हिस्टेरिया समजण्याची चूक होते.

पापणी पडण्याची इतर कारणे खरी आहेत आणि तीही जिवावर बेतणारी आहेत, म्हणून ती वेगळी काढावीच लागतात. एकच पापणी पडली, तो डोळा बाहेर आणि खाली वळला, त्याची बाहुली मोठी झाली आणि डोके असह्य दुखत असेल, तर मेंदूतल्या धमनीला आलेला फुगा नसेवर दाबत असण्याची दाट शंका घ्यायची आणि रुग्णाला थेट मेंदूच्या शल्यविशारदाकडे न्यायचे. एकच पापणी किंचित उतरली, बाहुली लहान झाली आणि मान दुखते आहे, तर मानेतली धमनी आतून चिरली असू शकते. मायस्थेनियात पापण्या दिवस चढेल तशा उतरत जातात, विश्रांतीने सावरतात आणि बाहुल्या नीट असतात. धडधाकट मुलाला तो एका पहाटेत असा लुळा पाडत नाही. मिलर फिशर नावाच्या विकारात डोळे थिजतात आणि तोल जातो, पण त्याला दिवस लागतात आणि आधी बहुतेक वेळा ताप-खोकला किंवा जुलाब होऊन गेलेले असतात. कीटकनाशक पोटात गेले असेल तर बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ आणि घाम सुटतो. बोट्युलिझमचे चित्र मण्यारीच्या फार जवळ जाते, पण तो आपल्याकडे क्वचित आढळतो आणि मण्यार प्रत्येक वाड्यावर आहे. मेंदूच्या बुंध्यातला पक्षाघात दोन्ही डोळे बिघडवू शकतो. मात्र पोटदुखीने सुरुवात, शुद्ध पूर्ण जागेवर, आणि दोन्ही बाजू सारख्याच गतीने वरून खाली निकामी होत जाणे हा त्याचा स्वभाव नाही.

एवढी निवड करायला स्कॅन लागत नाही. टॉर्च लागतो आणि पाच मिनिटे लागतात. शिवाय दोन साध्या परीक्षा आहेत. उताणे झोपवून मान उचलायला सांगायची. मण्यारीच्या रुग्णाला ती उशीवरून उचलता येत नाही. आणि एका श्वासात मोठ्याने आकडे मोजायला सांगायचे. तरुण माणूस तिशीच्या पुढे सहज जातो. पंधराच्या आत अडखळला की छातीचे स्नायू हरायला लागले असे समजायचे. 6.40 ला या मुलाने अठरापर्यंत मोजले असते. आठ वाजता त्याला आठ गाठणे कठीण गेले असते. कुणी मोजायला सांगितलेच नाही.

विंचूदंशावरच्या कामासाठी जगभर नाव झालेले आणि 2022 मध्ये पद्मश्री मिळालेले महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी मण्यारीच्या आणि नागाच्या दंशावरही लिहिले आहे, तेही ग्रामीण दवाखान्यात समोर आलेले रुग्ण पाहून. मोठे रुग्णालय नाही म्हणून निदान होत नाही, ही सबब त्यांच्या कामापुढे टिकत नाही.

सकाळी 7.15

ओकारीसाठी इंजेक्शन, पोटासाठी गोळ्या. ‘दोन दोन दिसतंय म्हणतोय, तर म्हापशाला डोळ्यांच्या डॉक्टरना दाखवून घ्या. गरज वाटली तर ते स्कॅन सांगतील.’

डोळ्यांत दिसले म्हणून डोळ्यांचा रोग. नसांच्या विकारांत ही चूक सगळीकडे होते. चष्मा बदलला जातो, थेंब दिले जातात, आणि मूळ दुखणे दुसरीकडेच वाढत राहते. इतर वेळी त्यात महिने जातात. इथे दोन तास आहेत.

सकाळी 7.40 – दीड तास बाकी

दवाखाने दहाला उघडतात, म्हणून घरी थांबणे होते. आजी मीठ-मिरची घेऊन दृष्ट काढते. शेजारचे काका घाड्याला, म्हणजे मांत्रिकाला, विचारायचे सुचवतात. तोंडात जमलेली लाळ मुलाला गिळता येत नाही, ती ओठाच्या कोपऱ्यातून ओघळते. पोटात काही नाही म्हणून आई उकड्या तांदळाची पेज भरवू पाहते. घोट नाकातून परत येतो. गिळता येत नसलेल्या माणसाला पाणी किंवा पेज पाजणे म्हणजे ते फुप्फुसात ओतणे. पण हे त्या माउलीला कुणी सांगितलेले नाही.

या वेळी साखळीच्या सरकारी आरोग्य केंद्रात पोचायला काही मिनिटे पुरतात. लोक ज्याला सापाचे इंजेक्शन म्हणतात ते प्रतिविष सरकारी केंद्रांत मोफत मिळते. भारतात मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकच असते, त्यामुळे साप कुठला हे ठरवत बसावे लागत नाही. सुरुवातीला साधारण दहा कुप्या. त्याच्या मर्यादा मात्र माहीत असाव्यात. रक्तात फिरणारे विष ते बांधून टाकते, नसेच्या टोकात शिरलेले विष त्याला परत काढता येत नाही. म्हणून 5.25 ला दिलेल्या कुपीचे मोल 7.40 च्या कुपीला नाही. नागाच्या विषावर निओस्टिग्मिनचे इंजेक्शन चांगले लागू पडते आणि पापण्या उघडू लागतात. मण्यारीत ते बहुधा फसते, कारण नसेचे टोकच मोडलेले असते. मग हातात एकच उपाय उरतो आणि तो खात्रीचा आहे: नसांची टोके पुन्हा फुटेपर्यंत रुग्णाचा श्वास यंत्राने चालवणे. ती फुटतात. काही दिवसांत, कधी आठवड्या-दोन आठवड्यांत. आणि माणूस पूर्ण बरा होऊन घरी जातो. हृदयविकारात किंवा पक्षाघातात अशी हमी डॉक्टर कधीच देऊ शकत नाहीत.

राट बॉ, दुपार

दुपारपर्यंत स्लोविन्स्कीला स्वतःहून श्वास घेता येईना. सहकाऱ्यांनी पाळ्या लावून तोंडाने श्वास द्यायला सुरुवात केली. आपण शुद्धीवर आहोत हे तो आधी हाताच्या, मग पायाच्या बोटाच्या हालचालीने कळवत होता. पुढे तेही थांबले. हेलिकॉप्टर निघाले होते, पण खराब हवेमुळे पोचू शकले नाही. तोच तो न्यूयॉर्कचे मनोरे कोसळल्याचा दिवस.

सकाळी 8.20 – पन्नास मिनिटे बाकी

भाड्याची गाडी येते. मुलाला मागच्या सीटवर उताणे झोपवतात. उताण्या माणसाची जीभ आणि साठलेली लाळ घशात उतरते. त्याला डाव्या कुशीवर झोपवायला हवे होते आणि 108 बोलवायला हवी होती, कारण त्या गाडीत प्राणवायू असतो, हाताने दाबून श्वास देणारी अंबू बॅग असते आणि ती दाबणारा माणूस असतो. या गाडीत पाण्याची बाटली आणि दवाखान्याची चिठ्ठी आहे.

सकाळी 8.40

डिचोली मागे पडते. पाऊस सुरू होतो.

सकाळी 8.55 – पंधरा मिनिटे बाकी

अस्नोडा. मुलाचे डोळे पूर्ण मिटले आहेत. डोके आईच्या मांडीवर आहे. ‘झोपलाय जरा, बरं झालं,’ आई पुढे बसलेल्या वडिलांना सांगते.

तो झोपलेला नाही. त्याला आईचे शब्द ऐकू येत आहेत, पावसाचा आवाज येत आहे. मांडीवरची पकड जाणवते आहे. डोळा उघडता येत नाही, बोट हलवता येत नाही. छाती उथळ, भराभर हलते आहे आणि प्रत्येक श्वास आधीच्यापेक्षा लहान आहे. मण्यारदंशातून वाचलेल्या रुग्णांनी नंतर डॉक्टरांना सांगितले आहे की आजूबाजूचे सगळे बोलणे आम्ही ऐकत होतो.

सकाळी 9.10

ओठ निळे पडतात. छाती हलायची थांबते. म्हापसा समोर दिसते आहे.

त्यानंतर

श्वास थांबला की हृदय काही मिनिटेच तग धरते. गाडीत कुणीतरी तोंडाने श्वास दिला असता तर ही मिनिटे तासांत बदलली असती. राट बॉमध्ये ते केले गेले. तिथल्या माणसांनी दुपारपासून रात्रभर आणि दुसऱ्या दिवसापर्यंत, चोवीस तासांच्या आसपास, थकून कोसळेपर्यंत एका माणसाचा श्वास आपल्या छातीने चालवला. 12 सप्टेंबरला दुपारी त्याला मृत घोषित करण्यात आले. त्यांच्याकडे अचूक निदान होते, उपायाची पूर्ण माहिती होती. यंत्र तेवढे नव्हते. साखळीहून म्हापशाचे जिल्हा रुग्णालय तासाच्या आत आहे, बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय जवळपास तेवढ्याच अंतरावर. यंत्र आहे, ते चालवणारे डॉक्टर आहेत, रस्ता आहे. आपल्याकडे मूल जाते ते निदानाच्या चुकीने. हे मला अक्षम्य वाटते, कारण ती चूक टाळायला पैसा लागत नाही.

यंत्रापर्यंत वेळेत पोचलेल्या रुग्णावरही एक शेवटचे संकट असते, आणि तेही डोळ्यांतूनच येते. मण्यारीच्या विषाने बाहुल्या मोठ्या होऊन थिजू शकतात. टॉर्च मारला तरी आकसत नाहीत. डोळे फिरत नाहीत, घशात नळी हलवली तर खोकला येत नाही, चिमटा काढला तर बोट हलत नाही. मेंदूमृत्यू झालेल्या माणसाची लक्षणे हीच असतात. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या कुटुंबाला सांगितले जाते, की आता काही उरले नाही. आत तो रुग्ण सगळे ऐकतो आहे. भारतातल्या 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे मेंदूमृत्यूच्या चाचण्या दोन वेळा, किमान सहा तासांच्या अंतराने कराव्या लागतात. त्यातही पहिली अट अशी की लुळेपणा आणणारे औषध किंवा विष शरीरात नाही याची आधी खात्री हवी. सर्पदंशाची शंकाच कुणाच्या मनात आलेली नसेल, तर ही खात्री कोण करणार? मेंदू गेला असे ठरल्यावर आठवड्याने डोळे उघडलेले मण्यारीचे रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेले आहेत.

चुकलेल्या निदानाचे मरण मोजलेही जात नाही. मृत्यूच्या दाखल्यावर हृदय बंद पडल्याचे किंवा उलट्या-जुलाबाचे कारण लागते. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे गेल्याचा अंदाज दिला. वर्षाला सरासरी 58,000. सरकारी रुग्णालयांच्या नोंदीत याचा लहानसा भागच दिसत होता. मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारने सर्पदंशाविषयी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला, 2030 पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे ठरवले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्यांना सर्पदंशाची नोंद सक्तीची करण्यास सांगितले. नोंद होईल ती ओळखलेल्या दंशाचीच. न ओळखलेल्या मण्यारीला कुठला तक्ता पकडणार?

म्हणून साखळी, डिचोली, सत्तरी आणि पेडण्यातल्या प्रत्येक दवाखान्यातल्या डॉक्टरांना विनंती आहे. पावसाळ्यात, पहाटे, आधी निरोगी असलेल्या माणसाच्या दोन्ही पापण्या उतरलेल्या दिसल्या, तर दंशाची खूण शोधण्यात वेळ घालवू नका. रात्री कुठे झोपला होता ते विचारा. जमिनीवर असेल तर दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत ती मण्यार समजा आणि श्वासाची सोय असलेल्या ठिकाणी, श्वास देऊ शकणाऱ्या माणसाबरोबर पाठवा.

आणि घरच्यांनो, जूनपासून पाऊस संपेपर्यंत जमिनीवर झोपू नका. खाट नसेल तर मच्छरदाणी लावा आणि तिची कड चटईखाली घट्ट खोचा. नेपाळच्या तराईतल्या अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश फार कमी झाल्याचे आढळले आहे. तरीही कधी पहाटे घरात कुणाचे पोट दुखून डोळे मिटू लागले, तर 108 ला फोन करताना ‘डोळ्याचा त्रास आहे’ असे सांगू नका. ‘दोन्ही पापण्या पडताहेत, गिळता येत नाही, मण्यार चावली असेल’ असे सांगा. तोंडात पाणी घालू नका, डाव्या कुशीवर झोपवा. श्वास थांबला तर गाडी येईपर्यंत तोंडाने श्वास देत राहा.